आलेख काढणाऱ्या यंत्रावरची मोटारसायकल

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातले, भीमेच्या खोऱ्यातले उसाचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. आमच्यातल्या एकाचे ते आजोळ; दुसरा मैत्रीखातर आणि हुरड्याच्या आशेने तिथे गेलेला. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे आणि गणिताशी दोघांचाही संबंध दहावीनंतर संपला आहे. एवढे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण या लेखाचा विषय एक कॅल्क्युलेटर आहे.

न्यू जर्सीहून सुटीला आलेली मावसबहिणीची मुलगी ओसरीवर बसून एका जाडजूड काळ्या यंत्राशी खटपट करीत होती. तिचे वडील पंचवीसेक वर्षांपूर्वी तिकडे शिकायला गेले, तेव्हा त्यांनी घेतलेला तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा टीआय-८३ प्लस. त्याचे सेल संपले होते. गावातल्या दुकानातून रिमोटचे चार सेल आणले, ते बसले, आणि करड्या-हिरवट पडद्यावर काळे ठिपके उमटले. "मामा, आता गाडी चालव," असे म्हणून तिने यंत्र पुढे केले. पडद्यावर दोन तुटक रेघा होत्या, म्हणजे रस्ता. मधे पाचसात ठिपक्यांचा एक पुंजका होता, म्हणजे मोटारसायकल आणि तिच्यावरचा स्वार. बाणांच्या बटणांनी त्याला डावीउजवीकडे न्यायचे, समोरून येणारे दगड चुकवायचे. मामांची गाडी दहा सेकंदांत दगडावर गेली. भाची पोट धरून हसली आणि मग तिने दुसऱ्याकडे पाहिले, "सर, तुम्ही?" दुसऱ्याने मात्र ते यंत्र हातात घेतले नाही. का घेतले नाही, ते पुढे येईलच; तोवर या ठिपक्यांच्या मोटारसायकलीचा इतिहास थोडा पाहू.

*

हिशेबाच्या यंत्रावर खेळ खेळणे हा आपल्याला वाटतो तसा आगंतुकपणा नाही. कॅल्क्युलेटर आणि व्हिडिओ गेम ही एकाच घरातली भावंडे आहेत, आणि त्यांतले थोरले भावंड कॅल्क्युलेटर आहे. जपानच्या बिझीकॉम कंपनीला हिशेबाच्या यंत्रासाठी चकत्या हव्या होत्या. त्या मागणीतून इंटेलने १९७१ साली ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्याच घराण्यातला पुढचा ८०८० हा प्रोसेसर १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्स या खेळाच्या पोटात होता. गुनपेई योकोई या निन्टेन्डोच्या अभियंत्याची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्यातून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली. १९८० साली निघालेल्या 'गेम अँड वॉच'चा पडदा कॅल्क्युलेटरचाच पडदा होता. म्हणजे कंटाळलेल्या माणसाची बोटे आधी, आणि खेळ नंतर.

उलट दिशेनेही रहदारी चालू होती. ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-६५ हा प्रोग्रॅम साठवू शकणारा खिशातला कॅल्क्युलेटर १९७४ सालचा. अशा यंत्रांना चित्र काढता येत नव्हते, फक्त आकडे दिसत. तरीही लोकांनी त्यांवर चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ रचला. उंची अमुक, वेग अमुक, इंधन अमुक, एवढे तीन आकडे पाहायचे आणि यान कोसळते आहे असे मानायचे. आकड्यांच्या ओळीवरून प्राण कंठाशी आणणारा हा वाचक-खेळाडू साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये असा आहे.

आलेख काढणारा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओचा एफएक्स-७०००जी. साल १९८५. त्याचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, आणि प्रोग्रॅम लिहायला जागा ४२२ बाइट. हा आकडा आपल्या हिशेबात आणायचा तर असे म्हणता येईल की आजच्या संगणकीय लेखनपद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. तेव्हा त्या जागेत काना-मात्रा धरून जेमतेम दीडशे चिन्हे, म्हणजे फार तर दोन ओव्या मावतील. दोन ओव्यांच्या जागेत माणसे खेळ लिहीत होती.

पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९० साली टीआय-८१ आणला, १९९२ साली टीआय-८५ आणला. १९९४मध्ये काही हौशी मंडळींनी टीआय-८५ची एक फट शोधली. यंत्राच्या स्मरणाची जी प्रत संगणकावर काढून ठेवता येत होती, तिच्यात फेरफार करून ती परत यंत्रात भरली की कंपनीने न दिलेली भाषा यंत्र बोलू लागे. 'झेड-शेल' या नावाने ही युक्ती सर्वदूर पसरली. १९९५पासून अमेरिकेतल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट कॅल्क्युलसच्या परीक्षेत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला, आणि लाखो मुलांच्या दप्तरात एकसारखे यंत्र आले. १९९६च्या टीआय-८३मध्ये आणि १९९९च्या टीआय-८३ प्लसमध्ये कंपनीने ती फट स्वतःच रुंद करून दिली. मुले एकमेकांच्या यंत्रांना वायर जोडून खेळ देऊघेऊ लागली. मोटारसायकली, अंतराळयाने, साप, ठोकळे, सगळे गणिताच्या तासाला, बाकाखाली.

*

मोटारसायकलच का? तिची एक स्वतंत्र परंपरा आहे. १९७६ साली सेगा कंपनीचा 'मोटो-क्रॉस' हा खेळ निघाला. त्याला गाडीसारखे हँडल होते आणि टक्कर झाली की ते हातात थरथरे. १९८५च्या 'हँग-ऑन'मध्ये खेळाडू खोट्या मोटारसायकलीवर प्रत्यक्ष बसे आणि वळणावर अंगाने कलंडे. या महागड्या, देहाला हलवणाऱ्या खेळांपासून कॅल्क्युलेटरपर्यंत येताना हँडल गेले, रंग गेला, आवाज गेला, देह गेला. उरले काय? दोन तुटक रेघा आणि एक पुंजका. तरीही वळणावर आमचे मामा ओसरीवर बसल्या जागी डावीकडे कलले, हे दुसऱ्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. या खेळात गाडी पुढे जातच नाही. ती पडद्याच्या तळाशी खिळलेली असते; रस्ताच एकेक ओळ खाली सरकतो. सरकलेल्या ओळीच्या जागी वर नवी ओळ येते, आणि ती किंचित डावीकडे की उजवीकडे हे यंत्र फाशासारखे ठरवते. खेळाडूने कोणते बटण दाबले ते पाहणे, गाडी एक घर हलवणे, दगडाशी गाठ पडली का ते तपासणे, आणि पुन्हा ओळ सरकवणे, एवढेच चक्र फिरत राहते. टीआय-८३ प्लसच्या साध्या अंगभूत भाषेत हे लिहिले तर गाडी बैलगाडीच्या चालीने चालते, म्हणून जाणती मुले थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहीत. पडद्यावरचे ठिपके विझायला किंचित वेळ लावतात, त्यामुळे धावत्या रेघेमागे फिकट शेपूट राहते. हा खरे तर पडद्याचा दोष; पण पाहणाऱ्याला तो वेग वाटतो.

आमच्या वाचकांना हे अपरिचित नाही. संस्कृत नाटकात 'परिक्रम्य' एवढी रंगसूचना आली की पात्र रंगमंचावर एक फेरी घालते आणि राजवाड्यातून तपोवनात पोहोचते. आपल्या लोकनाट्यातही एका गिरकीत गाव मागे पडते. पात्र तिथेच असते, रस्ता प्रेक्षक सरकवतो. साधने तुटपुंजी असली की प्रेक्षकाला काम मिळते, आणि काम मिळाले की तो खेळात शिरतो. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा असल्याने तो खेळ कमी खरा होत नाही; त्यातला खरेपणा पुरवण्याची जबाबदारी फक्त आपल्यावर येते.

*

अमेरिकेतल्या शिक्षकांनीही या खेळांचा पाठलाग केला. परीक्षेआधी यंत्राची मेमरी पुसून दाखवायची, असा दंडक बऱ्याच वर्गांतून होता. त्यावर मुलांनी काढलेला तोडगा आम्हांला फार मोलाचा वाटतो. त्यांनी असा प्रोग्रॅम लिहिला की मेमरी पुसल्यावर जो पडदा दिसतो, हुबेहूब तसाच पडदा तो दाखवी. शिक्षक पाहून पुढे जात, आणि खेळ आत सुखरूप राही. वास्तवाची इतकी काटेकोर नक्कल, तीही एकाच वाचकाला फसवण्यासाठी! कथनमीमांसेच्या तासाला उदाहरण म्हणून द्यावी अशी ही गोष्ट आहे.

मग हे यंत्र आपल्याकडे का रुळले नाही? उत्तर बाजारात शोधण्याआधी परीक्षेत शोधावे. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही; गुणाकार-भागाकार लॉगच्या कोष्टकांवरून करायचे. पुढे पदवीला कॅल्क्युलेटर चालतो, पण 'प्रोग्रॅम साठवणारा नको' ही ओळ सूचनाफलकावर ठरलेली. एका देशाच्या परीक्षेने जे यंत्र सक्तीचे केले, तेच दुसऱ्या देशाच्या परीक्षेने दाराबाहेर ठेवले, आणि दोन्हीकडच्या मुलांचे खेळ त्यावरून ठरले. तिकडच्या मुलांना खेळायला यंत्राचा अंतर्भाग मिळाला. इकडच्या मुलांकडे वहीचे शेवटचे पान राहिले. फुली-गोळा, टिंबे जोडून घरे बांधणे, नाव-गाव-फळ-फूल, पुस्तकाची पाने उघडून खेळायचे क्रिकेट. आम्ही तर म्हणू की कॅल्क्युलेटरवरचा खेळ हे अमेरिकन वर्गातल्या वहीचे शेवटचे पानच होय. अभ्यासाच्या साधनावर, अभ्यासाच्या वेळी, अभ्यासाच्या नजरेआड केलेले ते लेखन आहे.

मोटारसायकल आपल्याकडे आली ती वेगळ्या दाराने. नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त खेळयंत्र गावोगाव पोहोचले. शेकडो खेळ एकात असल्याची बढाई मारणाऱ्या पिवळ्या-लाल कॅसेटी भाड्याने मिळत. त्यांत हटकून एक मोटारसायकलचा खेळ असे. तो म्हणजे निन्टेन्डोचा १९८४ सालचा 'एक्साइटबाइक', हे नाव आम्हांला फार पुढे कळले. आमच्यासाठी ती नुसती 'गाडीची गेम' होती. जास्त पिळली की गाडीचे इंजिन तापायचे आणि ती रस्त्याकडेला थांबायची. आरएक्स-१०० पिळणाऱ्या गावातल्या थोरल्या मुलांना आम्ही त्यावरून शहाणपण शिकवत असू. त्यात एकट्याने घड्याळाशी शर्यत लावायची सोय होती, आणि ती इथल्या मुलांना समजावून सांगावी लागली नाही. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत बैलगाड्यांची बारी अशीच एकेक सुटते, समोर घोडी धावते आणि निकाल सेकंदांत लागतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१मध्ये त्यांना परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी त्यासंबंधीचा कायदा न्यायालयाने ग्राह्य धरला. बैलांच्या हालांचा प्रश्न त्यामागे आहे आणि तो खरा आहे. पण शर्यत म्हणजे समोरच्याला पाडणे असेच नव्हे, स्वतःच्या वेळेला हरवणेही शर्यतच, ही समज या मातीत पडद्याच्या आधीपासून आहे.

'एक्साइटबाइक'मधली एक सोय आज आम्हांला जास्त आठवते. त्यात आपला रस्ता आपण रचता येत असे. कुठे उंचवटा, कुठे चिखल, कुठे उडी, हे एकेक मांडायचे आणि मग त्यावरून गाडी चालवायची. जपानमध्ये तो रस्ता जपून ठेवायला वेगळे टेपयंत्र मिळे. आमच्याकडे ते नव्हते. दुपारभर बसून रचलेला रस्ता लाइट गेली की गेला. भारनियमनाच्या त्या दिवसांत असे किती रस्ते गेले असतील, त्याची मोजदाद नाही.

*

आता दुसऱ्याने यंत्र हातात का घेतले नाही, ते.

२००७ सालची गोष्ट. आम्ही दोघे नोकरीत नवे होतो. विज्ञान शाखेच्या परीक्षेला पर्यवेक्षक कमी पडले की मराठीचे अध्यापक बोलावले जात, तसे आम्ही एका खोलीवर होतो. द्वितीय वर्षाच्या एका मुलाच्या बाकावर मोठ्या पडद्याचा कॅल्क्युलेटर दिसला. आखाती देशात नोकरीला असलेल्या त्याच्या मेहुण्याने तो पाठवला होता. आम्ही विचारले, "यात काय साठवले आहे?" तो म्हणाला, "सर, कॉपी नाही. गाडीची गेम आहे. मीच लिहिली आहे." आमच्यातला एक उत्तरला, "मग ते तर त्याहून वाईट."

नियमाने ते यंत्र बाहेर ठेवायला हवे होते. पण त्याच्याकडे दुसरा कॅल्क्युलेटर नव्हता, पेपरची वेळ झाली होती, आणि आम्ही आमच्या मते उदारपणे मधला मार्ग काढला. सगळे पुसून टाक आणि वापर. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, दोनतीन बटणे दाबली, आणि पडदा कोरा झाला. त्याला तो पडदा खोटा दाखवण्याची युक्ती माहीत नव्हती, किंवा माहीत असून त्याने ती केली नाही. पेपर सुटल्यावर तो काही बोलला नाही. आम्हीही त्या दिवशी घरी जाऊन शांत झोपलो.

मांडवगणच्या ओसरीवर ते ठिपके धावू लागले तेव्हा आम्हांला पहिल्यांदा कळले की आपण काय पुसायला लावले होते. चोरून आणलेला खेळ नव्हता तो. एका मुलाने, ज्याच्या आसपास ही भाषा बोलणारे कोणीही नव्हते, इंग्रजी माहितीपुस्तिका चाळून, अडखळत, एकट्याने रचलेली ती रचना होती. आम्ही व्यवसायाने वाचक. त्याने आम्हांला सांगितले, "मीच लिहिली आहे," आणि त्या वाक्यातले क्रियापद आम्हांला ऐकू आले नाही.

वर्गात आम्ही मोठ्या जिव्हाळ्याने शिकवतो की वि. का. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले, घरोघरच्या माळ्यांवरचे कागद त्यांनी वाचवले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. वाळवीने खाल्लेल्या, पाण्यात भिजलेल्या बाडांबद्दल हळहळणारे आम्ही त्या दिवशी स्वतःच वाळवी झालो होतो. याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे ताम्रपाषाणयुगातली वस्ती उकरून काढली. कुणी घडवलेला मातीचा बैल तीन हजार वर्षे तिथल्या पांढरीत टिकला. मातीवर कोणी पर्यवेक्षक नेमला नव्हता, म्हणून असेल. नव्वदीतल्या कॅसेटी मात्र वीसच वर्षांत भंगारात गेल्या. मुलांनी रचलेले रस्ते लाइटीबरोबर गेले. वह्यांची शेवटची पाने रद्दीत गेली. तिकडच्या मुलांनी आपल्या कॅल्क्युलेटरवरच्या खेळांचे कोठार १९९६ सालापासून इंटरनेटवर जपले आहे, त्यात हजारो प्रोग्रॅम त्यांच्या कर्त्यांच्या नावानिशी आहेत. आपल्याकडे अशा रचनांना 'साहित्य' तर सोडाच, 'दस्तऐवज' म्हणायचीही पद्धत नाही.

परतल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवला. तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि रोज मोटारसायकलवरून जातो-येतो. त्याने आम्हांला ओळखले, पण तो प्रसंग त्याला आमच्याइतका ठळक आठवत नव्हता, किंवा त्याने तसे सौजन्याने दाखवले. खेळाचे विचारले तेव्हा मात्र त्याचा आवाज बदलला. "सर, दगड आधी दिसायचाच नाही. येऊन आदळायचा. मग मी ओळ सरकवायच्या आधी दगड काढायला लागलो, तेव्हा जमलं." आम्ही विचारले, कुठे लिहून ठेवले होते का? तो म्हणाला, "फिजिक्सच्या वहीत मागे होतं. वही आईनं रद्दीत घातली." मग थोडे थांबून, "पण पुन्हा लिहिता येईल. डोक्यात आहे."

आम्ही त्याला म्हणालो, लिहा, आम्ही जपून ठेवू. हे म्हणायला अठरा वर्षे लागली. यंदा आमच्या विभागाच्या भित्तिपत्रकासाठी आम्ही विद्यार्थ्यांना एकच विषय दिला आहे. आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर काय आहे, ते न लाजता उतरवून आणा. पहिल्या आठवड्यात सात पाने आली. एकावर नुसता रस्ता काढला आहे, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना ठिपके. गाडी काढलेली नाही. ती कुठे आहे असे विचारले, तर ती मुलगी म्हणाली, "सर, ती बोटाने चालवायची असते."